दिवेलागणीआधीचा निरोप

आमचे भूगोलाचे सर गेल्याचं कळलं त्या दुपारी मी मनापासून रडले. सर गेलेले नव्हते. पण ते गेल्याची बातमी माझ्याच हाताखालून बाहेर पडली होती, आणि हे मला रडून झाल्यावर समजलं.

सर म्हणजे बेळगावच्या ज्या कॉलेजात मी शिकले आणि आज संगणक शिकवते, तिथले भूगोलाचे जुने विभागप्रमुख. निवृत्तीनंतर ते निपाणीला आपल्या घरी थोरल्या बहिणीबरोबर राहत होते. त्या बहिणीला सगळं कॉलेज आक्काच म्हणायचं. सर बेळगावात भाड्यानं राहत होते तेव्हा खेड्यापाड्यातून आलेली कितीतरी पोरं आक्कांच्या हातची भाकरी खाऊन पदवीधर झाली. मीही त्या घरी जेवलेय. आक्का वाढताना विचारत नसत, आणि नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे.

कॉलेजच्या वेबसाइटचं काम माझ्या गळ्यात पडलं ते मी संगणक शिकवते या एकाच गुन्ह्यासाठी. वेबसाइट एक नव्हती, गोतावळाच होता. मुख्य कॉलेजची एक, ग्रंथालयाची वेगळी, वसतिगृहाची वेगळी, प्रत्येक विभागानं कुणाच्या तरी भाच्याकडून करून घेतलेली आणखी एकेक. एकीवर आजचे प्राचार्य, दुसरीवर त्यांच्या आधीचे, तिसरीवर कुणीच नाही. मी ठरवलं की हे सगळं एका छताखाली आणायचं. मजकूर आणि फोटो एका सामायिक कोठारात राहतील, प्रत्येक माणसाची नोंद एकदाच होईल, आणि ती बदलली की सगळ्या साइटवर आपोआप बदलेल. बैठकीत हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कानडी, मराठी आणि इंग्रजी यांत वर कोण यावर चहा गार झाला, बाकी कुणी काही विचारलं नाही. प्राचार्य म्हणाले, "आयतु, झालं म्हणा. मॅडम बघून घेतील."

मग ज्यानं त्यानं आपापलं काम केलं. भूगोल विभागानं सरांचा फोटो दिला. त्यांच्याकडे चांगला असा एकच होता, निरोप समारंभातला. खांद्यावर शाल, हातात नारळ, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार. नव्या साइटची रचना करणाऱ्यांनी निवृत्त मंडळींचे फोटो आपोआप काळेपांढरे होतील असं ठेवलं होतं, म्हणजे ते आजच्या शिक्षकांपासून वेगळे दिसावेत. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं त्या पानाला 'आठवणीतले प्राध्यापक' असा मथळा दिला. आणि फोटोतला चेहरा शोधून तेवढाच भाग कापून घेणारी जी सोय होती, तिनं चेहरा आणि हार ठेवला. शाल, नारळ आणि बाजूची हसणारी माणसं बाहेर गेली. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. सगळं एकत्र आलं तेव्हा जे तयार झालं, ते कुणीही केलेलं नव्हतं.

उद्घाटन सकाळी झालं. प्राचार्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, कुंद्याची मिठाई वाटली. मी प्रयोगशाळेत जाऊन न उघडणारी पानं दुरुस्त करत बसले, फोनचा आवाज बंद करून. दुपारी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं तर सगळे उभे होते, माना खाली घालून. पंखा तेवढा कुरकुरत होता. कानडी शिकवणारी माझी मैत्रीण दाराशी होती. तिनं माझा हात धरला आणि कानाशी सांगितलं, "निपाणीचे सर गेले."

मीही मान खाली घातली. पहिल्या वर्षी सर आम्हाला काकतीच्या बाजूला डोंगरावर घेऊन गेले होते. आम्ही लांबचा देखावा बघत होतो, तर म्हणाले, "आधी पायाखाली काय आहे ते बघा." ते आठवलं आणि मला रडू फुटलं.

शांतता संपल्यावर प्राचार्य डोळे पुसत माझ्याकडे आले. "बरं केलंत मॅडम, लगेच वेबसाइटवर घेतलंत. शोभून दिसतंय."

"काय घेतलं?"

त्यांनी फोन पुढे केला. काळ्यापांढऱ्या गोलात सर, गळ्यात हार, वर 'आठवणीतले'. ते पान मी कितीदा तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला त्यात फक्त सर दिसले होते.

"पण सर गेल्याचं तुम्हाला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"तुम्हीच की," प्राचार्य म्हणाले.

मी त्या सगळ्यांकडून ऐकलं होतं आणि त्यांनी माझ्याकडून. मध्ये माणूसच नव्हता. तेवढ्या वेळात माजी विद्यार्थ्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो फिरला होता, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रीघ लागली होती.

मी सरांना फोन लावला. बंद. परत लावला, बंद. पान खोटं आहे हे मला ठाऊक होतं, पण सर आहेत हे कुठं ठाऊक होतं? फोटो कोठारातून काढून टाकला. माझ्या पडद्यावरून तो गेला. मैत्रिणीच्या फोनवर मात्र होता. ग्रंथालयाच्या साइटवरून गेला, वसतिगृहाच्या साइटवर होता. प्रत्येक साइट आपल्याजवळ एक प्रत धरून ठेवते आणि सवडीनं बदलते, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या दुपारी ती सवड मला बघवेना. मैत्रीण म्हणाली, "चल, मी गाडी काढते."

काकती मागं पडली, संकेश्वर मागं पडलं, आणि वाटभर माझा फोन वाजत राहिला. "मॅडम, किती वाजता काढणार?" "निपाणीतच करणार की गावाकडं नेणार?" मी प्रत्येकाला सांगत होते की बातमी चुकीची आहे, थांबा. माझा आवाज मलाच खरा वाटत नव्हता. एकानं तर मला समजावलं, "मॅडम, धीर धरा, पहिल्यांदा कुणालाच पटत नाही."

सरांच्या गल्लीत शुकशुकाट होता. दारात चपला नव्हत्या. ते बघून जिवात जीव यायला हवा होता, तो आला नाही. दार उघडंच होतं आणि आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, जशा काही आमचीच वाट बघत.

"आलीस व्हय गं?" त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन माझ्या तोंडाकडे निरखून बघत विचारलं, "रडलीस का?"

मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावले. "सर कुठं आहेत?"

"हाय की आत, जातोय कुठं. तू आदी सांग. डोळ्यांत पाणी आलतं का, खरंखरं?"

"आलं होतं," मी म्हणाले.

आक्कांनी दीर्घ श्वास सोडला आणि बाजूला झाल्या. आत सर आरामखुर्चीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी फोन बघायची मनाई केली होती, म्हणून आक्कांनी तो बंद करून कपाटात टाकला होता. शेजारच्या कुणीतरी धावत येऊन खिडकीतून डोकावून सर जिवंत आहेत का ते बघितलं होतं, आणि दोघांना सगळं कळलं होतं. सर हसत होते. "ये. मला बघायला आलीस की पोचवायला?" मी त्यांच्या पायाशी बसले आणि चांगलीच रडले. या खेपेला आनंदानं, पण रडू तेच होतं.

मैत्रीण सरांशी बोलत बसली. आक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि चहाचं आधण ठेवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"आठवड्यामागं गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेलते. कावळा शिवला. हितं, टाळूवर."

आमच्याकडची जुनी माणसं हे मानतात. कावळा डोक्याला शिवला की मरण आलं म्हणून समजायचं. त्याला उताराही आहे. ते माणूस गेलं असा खोटा निरोप लांबच्या नातेवाइकांना धाडायचा. ते खरं समजून रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते माघारी फिरतं. मग दिवेलागणीच्या आत खरा निरोप धाडायचा, माणूस आहे म्हणून. तेवढा राहून गेला तर खोटं होतं तेच खरं होतं. माझ्या लहानपणी गल्लीत एकदा असं झालेलं मी ऐकलं होतं, पण ज्याला कावळा शिवला असं माणूस समोर बसून कधी बोललं नव्हतं.

"सरांना शिवला?" मी विचारलं.

"त्याला न्हाय गं. मला."

चुलीवर काही नव्हतं, तरी त्या तिकडेच बघत होत्या. "त्याला म्हटलं, निरोप धाड. तर म्हणतोय, असलं खोटं आपल्या घरातनं जायचं न्हाय. आणि धाडला असता तरी कुणाला? माझ्यासाठी रडणारं कोण हाय? त्याच्यासाठी बघ, सगळा मुलूख रडला, आणि त्याला कावळा शिवलाबी न्हाय." त्यांनी माझा हात घट्ट धरला. हात कोरडा आणि गार होता. "तुझ्या त्या मशिनीत माझाबी फोटू घाल की. हार घालून घाल. दिवा लावायच्या आत काढ. काय जातंय तुझं?"

मी म्हणाले, "आक्का, ते कॉलेजचं आहे. तुमचं नाव कुठल्या विभागात घालू? असं नाही करता येत."

"व्हय," त्या म्हणाल्या, "मी कुठंच न्हाय न्हवं." त्यांनी माझा हात सोडला. "मग तू रड. तू एकली रडलीस तरी भागंल."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. त्यांनी पाट सरकवला, तिथंच फरशीवर आडव्या झाल्या, पाय दक्षिणेकडे केले आणि पदर तोंडावर ओढून घेतला. पदराखालून आवाज आला, "म्हण, आक्का गेली."

दुपार कलली होती, खिडकीतून ऊन त्यांच्या पावलांवर आलं होतं. श्वासाबरोबर पदर हलत होता. मग तो हलेनासा झाला. नीट व्हावं म्हणून आक्कांनी श्वास धरला होता. बाहेर सर काहीतरी सांगत होते आणि मैत्रीण हसत होती. मी बोलायला गेले, पण ते दोन शब्द तोंडातून निघेनात, आणि डोळ्यांत तर टिपूस नव्हतं. पदर अजून हलत नव्हता. मला अशी भीती वाटली की मी ओरडलेच, "उठा आक्का! काय चालवलंय हे?" आणि पदर ओढला. खाली त्यांचे डोळे उघडेच होते, माझ्याकडे बघत.

"रागावलीस," त्या म्हणाल्या. "रडली न्हाईस." आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहाला लागल्या. मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. मी लाजले होते आणि चिडलेही होते.

चहा झाल्यावर मी कामाला लागले, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. सरांना अंगणात बसवलं आणि फोनवर त्यांचा नवा फोटो घेतला. हार नाही, शाल नाही, मागं उघडं दार. तिथूनच कोठारात टाकला आणि सरांना म्हणाले, "आता थोड्या वेळात सगळ्या साइटवर तुम्ही जिवंत."

"उपकार झाले," सर म्हणाले. त्यांनी फोन कपाटातून आणवला आणि चालू केला. मग एकेकाचा फोन यायला लागला आणि सर प्रत्येकाला आपण आहोत हे सांगायला लागले. सुरुवातीला मजेत सांगत होते. नंतर नंतर त्यांचा आवाज बसत गेला, आणि ते आपण आहोत असं नाही, आपल्याला राहू द्या असं म्हणतायत असं वाटायला लागलं.

सावल्या लांबल्या. आक्का देवापुढं बसल्या होत्या, वात घालून, हातात काडेपेटी. पण काडी ओढत नव्हत्या. मला कळत होतं की त्या कशासाठी थांबल्यात, आणि मी तिकडे बघायचं टाळत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या कॉलेजातून शिकून आता परदेशी असलेला एकजण. त्यानं सर गेल्याचं वाचलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर तो आधीच रडत होता. "मॅडम, आक्कापण? एकाच दिवशी दोघं?"

"आक्का काय?"

"आता बघितलं साइटवर. आक्कांचा फोटो."

मी फोन कानापासून काढून पान उघडलं. सरांच्या नावाखाली, काळ्यापांढऱ्या गोलात, आक्का होत्या. मी फोटो घेतला तेव्हा सरांच्या मागच्या उघड्या दारात त्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला दिसल्याही नव्हत्या. सरांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. चेहरा शोधणाऱ्या त्या सोयीला सरांचा चेहरा चेहरा वाटला नाही. तिनं मागचा उचलला, सरांना कापून टाकलं, आणि घाईत मी काढायला विसरलेला काळापांढरा रंग त्यावर चढवून आक्कांना सगळ्या साइटवर पाठवून दिलं. कोठारात त्यांना जागा नाही असं मी नुकतंच सांगितलं होतं.

फोनमधून त्याचं रडणं ऐकू येत होतं. मी वळून बघितलं, तर आक्का देवापासून उठून माझ्यामागं उभ्या होत्या, काडेपेटी हातात. मी फोनचा आवाज मोठा केला.

"माझी फी भरायची राहिली होती तेव्हा मी सरांच्या घरी जेवायला जायचं बंद केलं होतं," तो हुंदके देत बोलत होता. "आक्का वसतिगृहावर चालत आल्या, डबा घेऊन. एक अक्षर बोलल्या नाहीत. मला त्यांना एकदा भेटायचं होतं, मॅडम. मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत गेलो."

आक्का मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. जिवंतपणी आपल्यासाठी कुणी रडतंय हे ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी बघितलं, आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. त्यांनी पुरेसं ऐकलं. मग दाराबाहेर उजेड किती राहिलाय ते बघितलं आणि माझ्या खांद्याला बोट लावलं.

"सांग आता त्याला. बिगीनं."

"आहेत," मी फोनमध्ये म्हणाले. "आक्का आहेत. सर आहेत. दोघंही आहेत."

आक्कांनी आत जाऊन काडी ओढली, आणि दिवा लावला.

सरांचा फोटो मी दुसऱ्या दिवशी नीट केला, काळापांढरा नियम काढला, माजी विद्यार्थ्यांशी भांडून मथळा बदलून घेतला. आणि कोठारात आक्कांची स्वतंत्र नोंद केली. कुणाला विचारलं नाही. नाव, फोटो, सगळं घातलं. 'पद' हा रकाना रिकामा सोडला तर नोंद पुढे जात नाही, तशी सक्ती मीच करून ठेवली होती. बराच विचार करून मी त्यात 'आहेत' असं लिहिलं. पान कुठल्याच यादीत दिसत नाही, पत्ता ठाऊक असेल त्यालाच उघडतं.

त्यानंतर आक्का खूप दिवस होत्या. मी निपाणीला गेले की विचारायच्या, "हाय का गं मी तुझ्या मशिनीत?" मी म्हणायची, "आहात की." मागच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. या खेपेला निरोप सरांनी स्वतः धाडला, एकेकाला फोन करून, आणि काही जणांनी त्यांना उलट विचारलं की सर, नक्की ना?

आक्कांचं ते पान मी बदललेलं नाही. सरांना आता जवळजवळ दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो, आणि तो नेमका दिवेलागणीच्या आधी येतो. इकडतिकडचं बोलून झालं की विचारतात, "ती आहे का गं तिथं अजून?"

मी पान उघडते, बघते आणि सांगते, "आहेत, सर."

"राहू दे मग," सर म्हणतात.